बोलण्यातील तूट

व्यापारात तूट येते ती भावाच्या चढउताराने, बुडालेल्या उधारीने किंवा मालाच्या घटीने, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु सांगणाऱ्याने एक सांगितले आणि ऐकणाऱ्याने दुसरेच ऐकले, यामुळे येणाऱ्या तुटीस खतावणीत स्वतंत्र खाते नसते. ती भाड्याच्या, सुटीच्या अथवा परत आलेल्या मालाच्या खात्यात निमूटपणे जाऊन बसते. अशा एका तुटीची हकिगत सभासद बंधुभगिनींपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे. ती आमच्याच पेढीवरील असल्याने इतर कोणास दोष देण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

पाचवे निजाम अफझलुद्दौला (कारकीर्द 1857 ते 1869) यांचे नाव धारण करणाऱ्या या अफझलगंजात एकाच पेढीवर किती भाषा नांदतात, हे वाचकांस सांगावयास नको. आमच्या येथे घरचे बोलणे मारवाडी, गुमास्ते मराठवाड्याकडील, हमाल तेलुगू, आणि सर्वांचा परस्परांशी व्यवहार दक्खनीत. 1956 साली हैदराबाद राज्याचे विभाजन होऊन मराठवाडा निराळा झाला, तरी नांदेड-परभणीशी आमचे देणेघेणे तुटले नाही. दक्खनीने मराठीचा 'नको' उचलून त्याचा 'नक्को' केला, म्हणून ती मराठी माणसास जवळची वाटते. आणि पाय घसरतो तो नेमका येथेच. शब्द ओळखीचा वाटला की अर्थही तोच असेल, असे आपण धरून चालतो.

काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर नांदेडच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने वेलदोड्यांचा नमुना पसंत केला. तो लॉट आम्ही गोदामात बाजूस काढून ठेविला. पंधरवड्याने माल धाडण्याचा निरोप आला, तेव्हा फोन कानाशी तसाच धरून आम्ही गादीवरून गुमास्त्यास म्हणालो, "परसों अलग निकाले सो माल, वोइच नांदेड भेज दो." हैदराबादी बोलीत 'परसों' म्हणजे मागे केव्हातरी. आठवडा झाला तरी परसों, वर्ष लोटले तरी परसोंच. पिढ्या येथे गेल्याने आम्हांस त्यात वावगे काही वाटत नाही. गुमास्ता मात्र नुकताच परभणीकडून आलेला. त्याने परसों म्हणजे परवा असा सरळ अर्थ केला. आणि परवा खरोखरच दुसऱ्या एकासाठी हलक्या प्रतीचा लॉट बाजूस काढलेला होता. तोच नांदेडला गेला.

माल परत आला. दोन्ही वेळचे भाडे आम्ही सोसले, हंगाम गिऱ्हाइकाचा बुडाला, आणि पुढील वर्षी त्याची मागणी दुसऱ्या पेढीकडे गेली. परंतु चौकशीत गुमास्त्याने जे सांगितले ते आम्हांस अधिक लागले. पोत्यांवरील खूण नमुन्याशी जुळत नाही, हे त्याच्या ध्यानी आले होते. विचारावे असे त्याच्या मनातही आले. मात्र आदल्याच दिवशी त्याने एक गोष्ट दुसऱ्यांदा विचारली असता, "कान गहाण ठेवलेस काय?" म्हणून चार गिऱ्हाइकांदेखत आम्ही त्यास खडसाविले होते. त्यामुळे तो गप्प राहिला.

आपल्या वाडवडिलांस या धोक्याची पुरती जाणीव होती. 'मण' हाच शब्द घ्या. बंगाली मण 40 शेरांचा, म्हणजे सुमारे 37 किलोंचा; मुंबईचा जुना मण 28 पौंडांचा, मद्रासचा 25 पौंडांचा. 1956 च्या कायद्याने मेट्रिक मापे आल्यावर हा घोळ हळूहळू मिटला. तिथीचा घोळ अद्यापही आहे. मारवाडी पंचांगात महिना पौर्णिमेस संपतो, मराठी, तेलुगू व गुजराती पंचांगांत अमावास्येस. म्हणून दिवाळीची एकच अमावास्या एका वहीत कार्तिकातील, तर दुसऱ्या वहीत आश्विनातील. मात्रा न देता लिहावयाच्या महाजनी लिपीची गोष्ट तर घरोघरी सांगतात. 'काकाजी अजमेर गये' असे पत्र आले, ते 'काकाजी आज मर गये' असे वाचले गेले, आणि घरात रडारड सुरू झाली!

म्हणूनच हुंडी लिहिताना रक्कम एकदा आकड्यात, एकदा अक्षरी, आणि वर पुन्हा तिच्या निम्म्याची दुप्पट अशी लिहीत. हजाराची हुंडी असेल तर पाचशेची दुप्पट. हुंडी गहाळ झाली तर पैठ, तीही गहाळ झाली तर परपैठ. हुंडी वाचणारा शेकडो कोस दूर, त्यास शंका विचारण्याची सोय नाही, म्हणून एवढी काळजी. आमच्या पुढ्यात मात्र ऐकणारा प्रत्यक्ष उभा असतो, आणि त्यास आम्ही अर्धे वाक्य एकदाच फेकतो. हल्ली तर मोबाईलवर आवाजी निरोप धाडून मोकळे होतो.

शंका गिळल्याने काय घडते याचे भयंकर उदाहरण व्यापाराबाहेरचे आहे. 27 मार्च 1977 रोजी कॅनरी बेटांतील टेनेरिफ येथे दाट धुक्यात दोन जंबो विमानांची धावपट्टीवर टक्कर होऊन 583 माणसे प्राणांस मुकली. मुख्य वैमानिकाने उड्डाणासाठी विमान दौडविले, तेव्हा दुसरे विमान धावपट्टीवरून दूर झाले नसावे, ही शंका त्याच्या हाताखालील अभियंत्याने बोलून दाखविली होती. वैमानिक ज्येष्ठ आणि नामांकित. त्याने ती उडवून लावताच विषय तेथेच संपला. कनिष्ठांनी शंका ठामपणे मांडावी व वरिष्ठांनी ती ऐकावी, याचे रीतसर शिक्षण विमान कंपन्यांत पुढे सुरू झाले. वेलदोड्यांची पोती आणि माणसांचे प्राण यांची तुलना आम्ही करीत नाही. पण तो अभियंता आणि आमचा गुमास्ता यांची मनःस्थिती फारशी निराळी नसावी.

तेव्हापासून आमच्या पेढीवर काम ऐकणाऱ्याने ते आपल्या शब्दांत परत सांगावयाचे, असा पाठ घातला आहे. लॉटला क्रमांक असतो, 'परसों' चालत नाही. प्रारंभी जुने हमाल हसले. वेळ जातो अशी कुरकुर आमच्या धाकट्या बंधूंनी केली, आणि ती अगदीच खोटी नव्हती. सर्वांत अवघड गेले ते गिऱ्हाइकांदेखत जीभ आवरणे. शंका खुशाल विचारा, असे आम्ही सांगूनही बरेच दिवस कोणी काही विचारले नाही. आमचा स्वभाव त्यांस ठाऊक होता.

मग एके दुपारी ऐन गर्दीत तोच गुमास्ता चलन घेऊन गादीपाशी आला. आमच्या कपाळास आठी पडली. त्याने ती पाहिली, क्षणभर थांबला, आणि तरीही विचारले. चलनावर गावाचे नाव चुकले होते, आणि अक्षर आमचे होते.