सापळ्याला बिबट्या आणि बकरी सारखीच

गुडगाव-फरीदाबाद रस्त्याच्या दोन्ही बाजूंना अरवलीचं जंगल आहे. झाडोरा बहुतेक वेड्या बाभळीचा, पण त्यात बिबट्या, तरस, कोल्हे आणि रानमांजरं राहतात. दक्षिण दिल्लीतलं असोला-भट्टी अभयारण्य याच पट्ट्यात येतं. एखाद्या फार्महाउसवरची बकरी गेली किंवा सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बिबट्याचा व्हिडिओ फिरला की परदेशातले व्हिडिओ पाहिलेला कुणीतरी उपाय सांगतो : जमिनीत पुरायचा, पाय पकडणारा लोखंडी सापळा लावा. सुरक्षित असतो, जनावर मरत नाही, नेमकं तेच सापडतं. यातल्या कुठल्याच गोष्टीला दिल्लीच्या परिसरात आधार नाही.

‘जमीन माझी, जनावरं माझी, सापळा लावायला कुणाची परवानगी?’

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या गोळी घालण्यापुरती नाही. सापळा लावणं, फासे टाकणं, आमिष दाखवणं आणि यातल्या कशाचाही नुसता प्रयत्न करणं म्हणजे शिकारच. ‘हत्यारां’च्या यादीतही सापळा नावानिशी आहे. सातबारा कुणाच्या नावावर आहे, याचा इथे काही संबंध नाही. 2022 च्या दुरुस्तीनंतर बिबट्यासोबत कोल्हाही पहिल्या अनुसूचीत आला. त्या यादीतल्या प्राण्याच्या शिकारीला किमान 3 आणि जास्तीत जास्त 7 वर्षं कैद आहे, दंड किमान 25,000 रुपये. अमेरिकेतले व्हिडिओ पाहताना हा फरक नजरेतून सुटतो. तिथल्या बऱ्याच राज्यांत कायोटी मारायला जवळपास मोकळीक आहे. आपल्याकडे त्याच्या जवळच्या भावाला, कोल्ह्याला, वाघाच्या बरोबरीचं संरक्षण आहे.

स्वसंरक्षणाचा मुद्दा हमखास निघतो. अंगावर आलेल्या प्राण्यापासून स्वतःला किंवा दुसऱ्याला वाचवताना, सद्हेतूनं तो मारला गेला तर गुन्हा होत नाही, हे खरं. पण संध्याकाळी सापळा पुरून घरी जाऊन झोपणं हे कुठल्याच अर्थानं स्वसंरक्षण नव्हे. माणसाला धोकादायक ठरलेल्या बिबट्याला मारण्याचा आदेश फक्त राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात. त्याआधी, त्याला पकडणं, बेशुद्ध करणं किंवा दुसरीकडे हलवणं शक्य नाही, अशी त्यांची खात्री पटावी लागते.

‘आताचे सापळे रबराचे असतात, इजा होत नाही.’

हे अर्धसत्य आहे. जुन्या दातेरी सापळ्याच्या तुलनेत नवा सापळा खरोखर सौम्य असतो. जबड्यांना रबर, दोन जबड्यांमध्ये थोडी फट, साखळीला पीळ पडू नये म्हणून फिरकी आणि जनावराच्या हिसक्याचा जोर शोषणारी स्प्रिंग. भारतातही लांडग्यांना रेडिओ कॉलर घालण्यासाठी संशोधकांनी असे सापळे वापरले आहेत. मात्र त्यामागे सरकारी परवानगी होती, जवळ थांबलेलं पथक होतं आणि प्राणी अडकल्यावर लगेच त्याला बेशुद्ध करायची तयारी होती. सुरक्षितता आली ती या माणसांमुळे. रबर त्यातला सगळ्यात छोटा भाग.

तोच सापळा मे महिन्यात अरवलीच्या उघड्या खडकावर लावला आणि माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी बघायला गेला, तर रबर असून उपयोग काय? पंचेचाळीस अंशांत साखळीला जखडलेलं जनावर तहानेनं आणि उन्हानं मरतं. मेलं नाही तर सुटण्याच्या धडपडीत स्वतःचे दात आणि पाय मोडून घेतं. युरोपीय संघानं 1991 साली नियम करून 1995 पासून असे सापळे वापरायला बंदी घातली, ती सापळ्याची रचना सुधारत असतानाच.

‘बकरी नेणाराच सापडेल.’

सापळ्याला ओळख पटत नाही. त्याच्या मधल्या पट्टीवर पुरेसं वजन पडलं की जबडा मिटतो. अरवलीतल्या पायवाटांवरून तरस, साळिंदर, नीलगाय, मोर, गुराख्याची गाय, गावातली कुत्री आणि शाळेतून घरी येणारी मुलं जातात. आमिषाच्या वासाला आधी येतात ती भटकी कुत्री, आणि दिल्लीच्या कडेला त्यांची वाण नाही. अडकलेला बिबट्या सापळा उखडून पळाला, तर शेजारच्या शेतात एक जखमी, चवताळलेला बिबट्या फिरू लागतो. जो धोका टाळायचा होता, तोच आपण तयार केलेला असतो.

‘पकडून लांब सोडला की प्रश्न मिटला.’

हा गैरसमज सगळ्यात चिवट आहे, कारण तो दयाळू वाटतो. याचं उत्तर मराठी मुलखातच मिळालेलं आहे. 2001 नंतर जुन्नर वनविभागात उसातले बिबटे पिंजरे लावून पकडून दूरच्या जंगलात सोडण्याचा सपाटा सुरू झाला. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या काळाचा अभ्यास केला. आधी वर्षाला सरासरी 4 माणसांवर हल्ले होत. स्थलांतराच्या काळात ते 17 वर गेले. अनोळखी मुलखात टाकलेला बिबट्या परत यायला बघतो, रिकाम्या जागेत दुसरा शिरतो, आणि पकडण्या-सोडण्याचा ताण वेगळाच. 2011 साली केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानं मानव-बिबट्या संघर्षावर मार्गदर्शक तत्त्वं काढली, ती याच अनुभवातून. जुन्नरचा प्रश्न त्यानं सुटला असं नाही. तिथे आजही पिंजरे लागतात. पण पिंजरा हा शेवटचा पर्याय आहे, हे निदान कागदावर आलं.

दिल्लीनं यातून फारसं काही घेतलं नाही. 2016 च्या अखेरीस यमुना बायोडायव्हर्सिटी पार्कमध्ये एक बिबट्या येऊन राहिला. कुणालाही त्रास न देता तो तिथे रमला होता आणि उद्यानाच्या तज्ज्ञांना त्याचं कौतुक होतं. तरीही डिसेंबरात पिंजरा लावून त्याला पकडलं आणि सहारनपूरच्या शिवालिक जंगलात सोडलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात शेजारच्या हरियाणात, सोहन्याजवळच्या मंडावर गावात शिरलेल्या बिबट्याला जमावानं काठ्यांनी ठार मारलं, त्या गोंधळात माणसंही जखमी झाली. डिसेंबर 2023 मध्ये सैनिक फार्म्समध्ये बिबट्या दिसल्यावर पिंजरे लागले, पण तो काही आत आला नाही. गर्दी पांगवून त्याला निघून जायला वाट ठेवणं, हा उपाय नेत्यांना भेकडपणाचा वाटत असावा.

‘मग हातावर हात ठेवून बसायचं?’

नाही. अहिल्यानगर (तेव्हाच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या अकोले भागात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास झाला. तिथे शेळ्या कुत्र्यांच्या सातपट होत्या. पण बिबट्याच्या खाण्यात कुत्र्यांचा वाटा 39 टक्के आणि शेळ्यांचा फक्त 11 टक्के निघाला. कारण सरळ आहे. शेळी रात्री कोंडलेली असते, दिवसा तिच्याबरोबर माणूस असतो. कुत्रं मोकळं असतं. म्हणजे साधा गोठा काम करतो. त्याला वरून छप्पर हवं, कारण बिबट्या भिंत चढून येतो. जाळी जाड हवी आणि दाराची कडी आतल्या जनावराच्या धक्क्यानं उघडणारी नसावी. फार्महाउसवाल्यांनी कुत्री रात्री आत घ्यावीत. मांसाचा कचरा उघड्यावर पडला की आधी कुत्री जमतात आणि मग बिबट्या. मानेसर-गुडगावच्या कडेला हे रोज घडतं, आणि त्यासाठी सापळ्याऐवजी महापालिकेच्या कचरागाडीची गरज आहे.

पाय पकडणाऱ्या सापळ्याचा या देशातला खरा इतिहास मात्र वेगळाच आहे. मध्य भारतात तो वाघाच्या चोरट्या शिकारीचं हत्यार आहे. गोळीनं कातडं खराब होतं म्हणून वाघाला आधी लोखंडी जबड्यात अडकवतात. 2012 साली चंद्रपूर जिल्ह्यात दोन वाघ असे सापडले; एक मेला, दुसरा जखमी अवस्थेत वाचला. त्यानंतर वनरक्षकांच्या हाती मेटल डिटेक्टर आले. दिल्लीभोवतीच्या राष्ट्रीय राजधानी क्षेत्रालाही चोरट्या शिकारीचा फटका बसला आहे. अलवर जिल्हा आणि त्यातलं सरिस्का त्याच क्षेत्रात येतं. 2005 च्या सुरुवातीला कळलं, की तिथे एकही वाघ उरलेला नाही. कातड्यांच्या व्यापारातला कुप्रसिद्ध संसारचंद त्याच वर्षी दिल्लीत पकडला गेला, आणि सरिस्कात पुन्हा वाघ आणायला 2008 उजाडलं.

त्यामुळे जंगलाच्या कडेला पालापाचोळ्याखाली साखळी किंवा लोखंडी जबडा दिसला तर तो उचलू नका, बंद करायला जाऊ नका. आजूबाजूला आणखी असण्याची शक्यता असते. जागेचा फोटो काढून वनविभागाला कळवा. राजधानी क्षेत्र दिल्ली, हरियाणा, उत्तर प्रदेश आणि राजस्थान यांच्यात वाटलेलं आहे, तेव्हा आपल्या भागातल्या वनरक्षकाचा नंबर आधीच शोधून ठेवलेला बरा. बकरी गेलीच, तर पंचनामा होईपर्यंत तिला पुरू नका. भरपाईचे दर आणि अटी राज्याराज्यात वेगळ्या आहेत, पण जागेवरचा पुरावा सगळेच मागतात.