ओव्याचं फूल आणि शेंगदाण्याची बुरशी

अमृतधारेच्या बाटलीत तीन द्रव्यं एकमेकांत विरघळलेली असतात: कापूर, पुदिन्याचं फूल आणि ओव्याचं फूल. रसायनशास्त्र या ओव्याच्या फुलाला थायमॉल म्हणतं. पोटदुखीवर थेंबभर घेतल्या जाणाऱ्या अमृतधारेतलं हे द्रव्य साठवणीतल्या बुरशीचाही वैरी आहे.

ही बुरशी साधी नव्हे. 1960 साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की कोंबड्या दगावल्या, तेव्हा शोध ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीपर्यंत पोचला. पेंडीत ॲस्परजिलस फ्लेवस या बुरशीनं तयार केलेलं विष होतं, अफ्लाटॉक्सिन. आपल्याकडे 1974 मध्ये राजस्थान-गुजरातच्या आदिवासी गावांत बुरसलेला मका खाल्ल्यानं यकृताच्या विकारानं शंभरावर माणसं गेली. थोड्या थोड्या प्रमाणात वर्षानुवर्षं पोटात गेलं, तर हेच विष यकृताचा कर्करोग ओढवतं.

थायमॉलचं बळ त्याच्या स्निग्ध स्वभावात आहे. पाण्यात ते जेमतेम विरघळतं, तेलात सहज. बुरशीच्या पेशीभोवतीचं पटल स्निग्धच असल्यानं थायमॉल त्यात शिरतं, पटल सैल पडतं आणि पेशीतले क्षार बाहेर झिरपू लागतात. लवंगेतलं युजेनॉलही असंच वागतं. शिवाय ओवा-लवंगेची ही तेलं उडून जाणारी, त्यामुळे फवारा पोचत नाही अशा दाण्यांमधल्या फटींत त्यांची वाफ शिरते.

पण प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत जे साधतं, ते पोत्यात तसंच साधत नाही. शेंगदाण्यात निम्म्याच्या आसपास तेलच. थायमॉल त्या तेलात मुरतं आणि बुरशीच्या वाट्याला कमी येतं. मात्रा वाढवावी तर दाण्याला ओव्याचा वास लागतो. न वाढवावी तर उरलंसुरलं उडून जातं. म्हणून संशोधक कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणाऱ्या कायटोसानच्या सूक्ष्म कणांत ही तेलं कोंडतात, म्हणजे वाफ हळूहळू सुटत राहते. मला ही दिशा फार आशेची वाटते.

तरी एक गोष्ट विसरू नये. ही तेलं बुरशी रोखतात, पण दाण्यात आधीच उतरलेलं विष काढायला त्यांच्यावर विसंबता येत नाही. शिजवून, भाजूनही ते पुरतं जात नाही. म्हणून काळजी आधीच घ्यायला हवी. उन्हाळी भुईमूग पावसाच्या तोंडावर निघतो, घाईत ओलाच पोत्यात भरला जातो. शेंग हलवल्यावर दाणे खुळखुळेपर्यंत वाळवा. काळे, सुरकुतलेले, बुरसलेले दाणे निवडून फेकून द्या. जनावरांपुढेही टाकू नका, कारण हे विष दुधात उतरतं.