पाण्याखालचा श्वास (लेखांक ६) : पिशवीचा सांधा

मागच्या आठवड्यात आपण सोडालाइमच्या डब्यापाशी थांबलो होतो. डायव्हरने सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड तिथे शोषला जातो, खर्ची पडलेला ऑक्सिजन सिलिंडरमधून भरून निघतो आणि तीच हवा पुन्हा तोंडाशी येते. पण डबा फुगत नाही, नळ्या फुगत नाहीत. मग सोडलेला श्वास मावायचा कुठे? त्यासाठी काउंटरलंग असते. छाती आकसली की फुगणारी आणि छाती फुगली की आकसणारी ही पिशवी. मोठ्या माणसाचा अगदी खोल श्वास चार-पाच लिटरचा असतो, म्हणून ही पिशवी साधारण पाच-सहा लिटरची करतात. त्याहून फार मोठी केली तर अडचणच होते, कारण पिशवीतली प्रत्येक लिटर हवा डायव्हरला सुमारे एक किलोच्या जोराने वर ओढते.

इंग्लंडमध्ये हेन्री फ्लूसने १८७९च्या सुमारास सोडलेला श्वास पुन्हा वापरणारं जे यंत्र बनवलं, त्यात रबराची पिशवी होती. सेव्हर्न नदीखालच्या बोगद्यात १८७९मध्ये पाणी भरलं, तेव्हा पुढच्या वर्षी लँबर्ट नावाचा पाणबुड्या तेच यंत्र पाठीला बांधून आतलं लोखंडी दार बंद करायला गेला. वरून हवा पुरवणारी लांबलचक नळी त्या अंधारात ओढत नेणं जमलं नव्हतं. पुढे कित्येक दशकं पिशव्या रबराच्याच राहिल्या. रबर चिकटवायला सोपं. पंक्चरवाल्याकडचं सोल्यूशन ही त्याच कुळातली वस्तू. पण घडीवर रबराला चिरा पडतात. आज घरी पिशवी करणारे हौशी डायव्हर बहुधा टीपीयू या लवचिक प्लास्टिकचं कोटिंग असलेलं नायलॉन घेतात आणि सांधे उष्णतेने जोडतात.

इथे एक गैरसमज आधी दूर करायला हवा. चाळीस मीटर खोल पाण्यात पिशवीच्या सांध्यावर प्रचंड ताण येत असेल, असं वाटतं. तसं होत नाही. आतली हवा बाहेरच्या पाण्याच्याच दाबाची असते, त्यामुळे सांध्याला जाणवतो तो फक्त पिशवीच्या वरच्या आणि खालच्या टोकांमधल्या पाण्याच्या दाबाचा फरक. पिशवी तीस सेंटिमीटर उंच असेल तर हा फरक ०.०३ बार, मग खोली चार मीटर असो की चाळीस. खरा धोका वर येताना असतो. दहा मीटरवरून पृष्ठभागावर येईपर्यंत हवेचं आकारमान दुप्पट होतं. जादा हवा सोडणारा व्हॉल्व्ह अडकला तर सांधाच उसवतो.

आणि तो कसा उसवतो, हे पाहण्यासारखं आहे. चिकटपट्टी टेबलाला लावून आडवी ओढा, सहज निघत नाही. कोपरा धरून वर उचला, लगेच सोलली जाते. दोन कापडं समोरासमोर ठेवून कडेने जोडलेली पिशवी फुगते तेव्हा तिच्या सांध्यावर हा दुसरा, सोलणारा ताण येतो. कापड एकावर एक चढवून जोडलं तर ताण आडवा पडतो, पण त्यासाठी कोटिंग दोन्ही बाजूंना हवं. एकाच बाजूला असेल तर उघड्या विणीतल्या धाग्यांमधून हवा आणि पाणी सरकत राहतं आणि सांधा घट्ट असूनही गळतो.

माझ्या मते यातला सर्वांत शहाणा उपाय म्हणजे दोन पिशव्या. आतली टीपीयूची, हवा अडवणारी. बाहेरची जाड कापडाची, मशीनवर शिवलेली, ताण सोसणारी. आतली पिशवी बाहेरचीपेक्षा जराशी मोठी कापायची. मग ती कधी पूर्ण ताणलीच जात नाही आणि सांध्याला हवा अडवण्यापलीकडे कामच उरत नाही. कोपरे मात्र गोल हवेत, टोकदार कोपऱ्यात ताण एकवटतो.

जोडायला घरची इस्त्री चालते, मध्ये बेकिंग पेपर ठेवून. तापमान कमी पडलं तर सांधा दिसतो छान आणि नखाने सुटतो. जास्त झालं तर कोटिंग वितळून वीण उघडी पडते. म्हणून आधी त्याच कापडाच्या पट्ट्या जोडून हाताने फाडून बघतात. कोटिंग कापडापासून उखडलं पण सांधा सुटला नाही, तर जमलं. पीव्हीसीचं कोटिंग असलेल्या कापडावर हा प्रयोग बंद खोलीत नको. जास्त तापलं की त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतो.

गळती बहुतेकदा लांब सांध्यात नसते, ती नळी जोडायच्या भोकापाशी असते. नट आवळताना कापड पिळलं जातं आणि एका सुरकुतीतून पाण्याला वाट मिळते. भोकाच्या जागी आधी जाड चकती जोडायची, भोक कापायचं ते त्यानंतरच, आणि मग वॉशर घालायचा.

चाचणी दोन्ही बाजूंनी करावी लागते. हवा भरून साबणाच्या पाण्यात धरलेली पिशवी बुडबुडे दाखवते. त्याहून महत्त्वाची चाचणी हवा ओढून घ्यायची. आत येणारं पाणी कसलाही गाजावाजा करत नाही आणि सोडालाइमपर्यंत पोचलं की तोंडात दाहक क्षाराचा घोट येतो. यातलं सगळं जमलं तरी प्रशिक्षण आणि स्वतंत्र श्वासाचा राखीव सिलिंडर नसताना अशा पिशवीतून पाण्याखाली श्वास घेऊ नये. ऑक्सिजन कमी पडला तर माणसाला आधी काही जाणवत नाही, थेट शुद्ध जाते.

डाइव्ह झाली की पिशवी जंतुनाशकाने धुऊन, सगळी तोंडं उघडी ठेवून, उलटी टांगतात. म्हणून एक भोक कोपऱ्यालाच ठेवलेलं बरं, नाहीतर तिथे पाणी साचून बुरशी धरते. पुढच्या आठवड्यात तोंडाजवळचे एकदिशा व्हॉल्व्ह पाहू.