आदर्श बालकाचा कोरा चेहरा

शाळेजवळच्या स्टेशनरीच्या दुकानात 'चांगल्या सवयी' एवढंच म्हटलं, तरी दुकानदार गठ्ठ्यातून नेमका तक्ता ओढून काढतो. पातळ गुळगुळीत कागद, त्यावर ओळीनं चौकटी आणि बहुतेक चौकटींत तोच एक मुलगा. तो पहाटे उठतो, आईवडिलांच्या पाया पडतो, दात घासतो, वेळेवर जेवतो. हरवलेलं पोर दिसलं तर त्याला पोलीस चौकीत नेऊन पोचवतो आणि मोठा झाल्यावर एनसीसीत जातो. प्रत्येक चित्राखाली त्याची करणी सांगणारी एक ओळ. पोरं तक्ता घरी आणतात, कात्रीनं चौकटी कापतात आणि प्रकल्पवहीत चिकटवतात. चंदीगडपासून चंद्रपूरपर्यंत हेच चालत आलं आहे.

दिल्लीच्या 'इंडियन बुक डेपो'सारख्या प्रकाशकांनी असे तक्ते वर्षानुवर्षं छापले. इंटरनेटवर तयार चित्रांचे साठे आले ते फार नंतर. आपल्याकडे तो साठा स्टेशनरीच्या दुकानात आधीपासून टांगलेला होता. ज्याला जे लागेल ते त्यानं कापून घ्यावं, अशीच त्याची रचना होती. आणि तक्त्यातला हा 'आदर्श बालक' नेटवर मीम झाला, त्याचं मूळ या रचनेतच आहे.

त्या मुलाकडे जरा जवळून पाहावं. चापून बसवलेला भांग, गुबगुबीत गाल, इस्त्रीचा शर्ट. नमस्कार करताना आणि दात घासताना त्याच्या चेहऱ्यावर तोच समाधानी भाव असतो. तो कुठल्या गावचा, कुणाचा कोण, काही कळत नाही. चित्रकारानं हे मुद्दाम टाळलेलं असतं, कारण तक्ता देशभर खपायला हवा. एखादी खूण जरी जास्त पडली, तरी तो 'आपल्यातला' राहणार नाही. त्यामुळे मुलगा कोराच राहतो. करणी मात्र इतकी स्पष्ट, की खालची ओळ झाकली तरी तो काय करतोय ते लगेच समजतं. कोरा माणूस आणि ठसठशीत कृती, या दोन गोष्टी एका चित्रात आल्या की खालची ओळ कुणालाही बदलता येते.

२०१४ साली मुंबईच्या प्रियेश त्रिवेदी या चित्रकारानं नेमकी ही जागा हेरली. फेसबुकवर 'आदर्श बालक' या नावानं त्यानं चित्रं टाकायला सुरुवात केली. तक्त्यातलीच गुळगुळीत रंगसंगती, तशाच इस्त्रीच्या कपड्यातली मुलं, तोच समाधानी चेहरा. फक्त ही मुलं गांजा ओढताना दिसतात. त्रिवेदीनं जुनी चौकट कापून त्यावर शब्द चिकटवले नाहीत, चित्रं स्वतः नव्यानं काढली. त्याच्या कामाची खरी ताकद तिथे आहे. चेहऱ्यावर जराही खट्याळपणा आला असता, तर ते साधं व्यंगचित्र झालं असतं. मुलगा दात घासावेत तितक्याच निष्ठेनं सिगारेट वळतो, म्हणून हसू येतं, आणि लहानपणी आपल्याला नेमकं काय शिकवलं जात होतं हा प्रश्नही पडतो.

पुढच्याच वर्षी बेंगळुरूच्या सृष्टी या कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांचा 'वाईट मुलगी' हा तक्ता देशभर फिरला. तिला गोल पोळ्या लाटता येत नाहीत. ती ओठांचा चंबू करते, गोव्याला जाते, प्रेमात पडते. एका चौकटीत ती फार खाते, दुसऱ्या चौकटीत फार कमी खाते, आणि दोन्हीकडे वाईटच ठरते. कुठल्याही घरातल्या मुलीनं ऐकलेली बोलणी तिथे शाळेच्या तक्त्याच्या शिस्तीत मांडलेली होती. त्रिवेदीनं तक्त्याची शैली उचलली, या विद्यार्थ्यांनी त्याची मांडणी उचलली. मांडणी हाती आल्यावर ती कुणालाही वापरता येते: आदर्श जावई, आदर्श भाडेकरू, आदर्श मतदार, काहीही.

परदेशातलं सर्वांत गाजलेलं उदाहरणही याच वाटेनं गेलं. बार्सिलोनाचे छायाचित्रकार अँटोनिओ गियेम यांनी २०१५ मध्ये स्पेनमधल्या जिरोना शहरात एक फोटो काढला: प्रेयसीचा हात धरलेला तरुण मान वळवून दुसऱ्या मुलीकडे बघतोय. फोटो विक्रीच्या साठ्यात पडून होता. २०१७ च्या ऑगस्टमध्ये तिघांच्या अंगावर तीन शब्द चिकटले आणि तो जगभर गेला. हा फोटो होता, चित्र नव्हतं. पण तिघांचे भाव तक्त्यातल्यासारखेच ढळढळीत, आणि माणसं तितकीच अनोळखी. त्या तरुणाच्या जागी गिऱ्हाईक बसतं, मतदार बसतो, परीक्षेच्या आदल्या रात्री मोबाइल हातात घेतलेला विद्यार्थीही बसतो.

मराठी मीम करणाऱ्यांना यात एक वेगळी मेहनत पडते. टेम्प्लेट मिळालं, की आधी जुनी ओळ खोडून तिथे मागचा रंग भरायचा. मग मजकूर. देवनागरीला वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार लागतात, त्यामुळे इंग्रजी ओळीच्या जागेत मराठी ओळ बसवली की अक्षर बारीक करावं लागतं. लिपी नीट न मांडणाऱ्या ॲपमध्ये तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर येते आणि जोडाक्षरं फुटतात. शब्द कमी केल्याशिवाय गत्यंतर नसतं. चांगल्या मराठी मीममधली ओळ एवढी नेमकी असते, त्यामागे बुद्धीइतकीच ही जागेची टंचाईही असते. पुढे स्क्रीनशॉटचा स्क्रीनशॉट निघत जातो, रंग उतरतात, कोपऱ्यात दोन-तीन पेजांची नावं चढतात.

मूळ चित्र काढणाऱ्याचं नाव मात्र त्या कोपऱ्यात कधीच नसतं. गियेम यांचं नाव निदान जगाला ठाऊक आहे. साठ्यातल्या फोटोला मालक असतो, परवाना असतो. आपल्या तक्त्यांवर प्रकाशकाचा पत्ता ठळक छापलेला असतो, चित्रकाराचं नाव सहसा कुठेच नसतं. २००१ मध्ये 'अ‍ॅन आयडियल बॉय' या नावानं या तक्त्यांचं एक देखणं पुस्तक निघालं आणि ही चित्रं संग्रहात ठेवण्याजोगी आहेत, हे तेव्हा पहिल्यांदा अनेकांच्या ध्यानात आलं. त्या मुलाचा भांग, त्याचे गाल, त्याचं ते समाधान ज्या हातांनी ठरवलं, त्यांच्या कामावर आज लाखो लोक हसतात, विचार करतात, भांडतात. जुन्या छापखान्यांतली, प्रकाशकांकडची माणसं अजून हयात आहेत तोवर त्यांना विचारून ती नावं लिहून घ्यायला हवीत, आणि पुढच्या आवृत्तीत तक्त्याच्या खालच्या कडेला, पत्त्याशेजारी, छापायला हवीत.