साप, कायदा आणि मतांची धास्ती

साप चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाण्यापासून अडवायचे आणि त्याच्यावर मंत्रतंत्र, गंडेदोरे करत बसायचे, हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत तसे स्पष्ट लिहिले आहे. इतकी उघड, जीव वाचवणारी गोष्ट कायद्यात यायला अठरा वर्षे लागली. ती का लागली, हे नागांच्या गावाने, बत्तीस शिराळ्याने, आठवावे असे आहे.

साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. असा कायदा करावा, हा ठराव विधान परिषदेत झाला तो १९९५ साली. पुढे नुसते मसुदे फिरत राहिले. डिसेंबर २००५ मध्ये विधानसभेने विधेयक मंजूर केले, पण विधान परिषदेत ते अडकले. वारकऱ्यांतल्या काही संघटना आणि हिंदुत्ववादी गट विरोधात उभे राहिले. विधेयकाला वारीचे वावडे नव्हते. तरी आपल्या मतदारसंघातल्या दिंड्या दुखावतील ही भीती सर्वच पक्षांना होती. २००९ मध्ये विधानसभेची मुदत संपली आणि विधेयक बारगळले. २०११ मध्ये ते पुन्हा आले, अधिक बारीक होऊन. मतांसाठी कापलेला प्रत्येक शब्द कुठल्या तरी घरातल्या रुग्णाच्या वाट्याचा होता, असे मला वाटते.

२० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांचा खून झाला. दुसऱ्याच दिवशी मंत्रिमंडळाने अध्यादेशाचा निर्णय घेतला. मुख्यमंत्री होते कराडचे पृथ्वीराज चव्हाण. डिसेंबरात दोन्ही सभागृहांनी कायदा मंजूर केला, तेव्हा विधान परिषदेचे सभापती होते शिराळा तालुक्यातल्या कोकरूडचे शिवाजीराव देशमुख. एका खुनानंतर जे काही तासांत ठरले, ते आधीही ठरवता आले असते.

२०१४ मध्ये चव्हाणांच्या आघाडीची सत्ता गेली. शिराळ्यातही राष्ट्रवादीचे मानसिंगराव नाईक हरले आणि भाजपचे शिवाजीराव नाईक निवडून आले. पण त्या निवडणुकीत गाजला तो सिंचन घोटाळा आणि मोदींची लाट. खुद्द चव्हाण कराड दक्षिणमधून जिंकले. नव्या सरकारनेही कायदा मागे घेतला नाही. ज्या धास्तीपायी इतकी वर्षे गेली, ती धास्ती खरी ठरलीच नाही.

शिराळ्यात मात्र मतांचे गणित दुसऱ्याच प्रश्नाभोवती फिरत राहिले. नागपंचमीला जिवंत नाग पकडण्यावर उच्च न्यायालयाच्या आदेशाने बंदी आली आणि गावाचे मन दुखावले. ते दुःख खरे आहे, पिढ्यांच्या श्रद्धेचे आहे. नोव्हेंबर २०२४ च्या प्रचारात अमित शहांनी शिराळ्याच्या सभेत नागपंचमीचा विषय काढला. भाजपचे सत्यजित देशमुख निवडून आले. जुलै २०२५ मध्ये केंद्राने शैक्षणिक उद्देशाने २१ नाग पकडण्याची परवानगी दिली. वर्ष उलटायच्या आत काम झाले. मत मागणाऱ्याला निकड वाटली की सरकार किती वेगाने हलते, हे यातून कळते.

मग साप चावलेल्याचे काय? भारतात वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे सर्पदंशाने मरतात, असा एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे. त्यांत बहुतेक शेतात राबणारी. केंद्राने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा आणला. २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे आहेत. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांच्या विषावर एकच प्रतिविष चालते. पण नाग आणि मण्यार यांच्या विषाने श्वास थांबू लागतो, तेव्हा इंजेक्शनबरोबर श्वास चालू ठेवणारे यंत्र आणि ते हाताळणारा माणूस लागतो. वारणेच्या खोऱ्यातल्या भाताच्या आणि उसाच्या रानातून रात्री निघालेल्या माणसासाठी पहिले दोन तास फार मोलाचे असतात.

शेतकऱ्याचा सर्पदंशाने मृत्यू झाला तर गोपीनाथ मुंडे योजनेतून वारसांना २ लाख रुपये मिळतात. ते मिळायलाच हवेत. पण धनादेश देताना फोटो निघतो आणि वाचलेल्या माणसाचा फोटो कुणी काढत नाही, म्हणून यंत्रापेक्षा अनुदान आमदारांना जवळचे वाटते. दोष एकट्या आमदारांचा नाही. आपण जे मागतो, तेच ते देतात.

शिराळकरांनो, पुढच्या वेळी कुठल्याही पक्षाचा उमेदवार दारात आला, तर नागपंचमीबद्दल जरूर विचारा. त्याचबरोबर हेही विचारा: तालुक्यातल्या सरकारी दवाखान्यात आज रात्री प्रतिविष किती आहे, श्वासाचे यंत्र चालू आहे का, आणि ते चालवायला कोण हजर आहे?