लेकराने आधी आपल्यापाशी बोलावे

नांदेडच्या मोंढ्यात हमाली करणारा बाप आणि चार घरची धुणीभांडी करणारी माय पोटाला चिमटा घेऊन लेकराला लातूरला शिकवणीला ठेवतात. खोलीभाडे, डबा, फी यांसाठी बचत गटाचे कर्ज निघते. निरोप देताना एकच बजावले जाते, 'डॉक्टर हो. नसत्या भानगडीत पडू नको.'

लेकरू सतरा-अठरा वर्षांचे. वर्गातली एक मुलगी त्याला आवडू लागते. अंगात, मनात काय चालले आहे हे त्याने कोणाला विचारावे? घरी विचारले तर मार, मित्रांत विचारले तर थट्टा. मग मोबाईलवर जे घाणेरडे दिसते तेच खरे वाटू लागते. मुलीची दशा तर याहून वाईट. फोनवर एखादा निरोप सापडला की शिक्षण बंद आणि घाईघाईने सोयरीक.

या चोरट्या प्रेमाचा शेवट कधी रक्तात होतो. नोव्हेंबर 2025 मध्ये नांदेड शहरात आपल्या समाजातील एका वीस वर्षांच्या तरुणाचा खून झाला. वेगळ्या जातीच्या मुलीवर प्रेम, हे कारण पुढे आले. मुलीच्या वडिलांना आणि भावांना अटक झाली. त्याआधी 28 एप्रिल 2014 रोजी नगर जिल्ह्यातील खर्डा येथे सतरा वर्षांच्या शाळकरी मुलाला अशाच संशयावरून मारण्यात आले. 2017 मध्ये त्या खटल्यातील आरोपी निर्दोष सुटले.

आपण मोर्चे काढले. ते काढावेच लागतात. जातीचा अहंकार जीव घेतो, यात शंका नाही. परंतु बंधू-भगिनींनो, आज आम्ही आपल्याच उंबरठ्याच्या आतले विचारीत आहोत. आपल्या मुलीने स्वतः मुलगा निवडला, तर आपल्या तोंडून पहिला शब्द कोणता निघतो?

र. धों. कर्वे आपल्या 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे देत. त्यावरून 1934 मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. तेव्हा कर्व्यांचे वकीलपत्र घेऊन उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण असे प्रश्न विचारणे म्हणजे अश्लीलता, हे बाबासाहेबांनी मानले नाही. त्यांची तसबीर आपल्या भिंतीवर आहे आणि तिच्याच खाली आपण लेकरांची तोंडे बंद करतो.

म्हणून आम्हांला वाटते, मायने मुलीला पाळीविषयी आणि बापाने मुलाला वयात येण्याविषयी वेळेवर सांगावे. कायदाही सांगावा. अठरा वर्षांखालील मुलीशी किंवा मुलाशी शरीरसंबंध हा 2012 च्या पोक्सो कायद्याने गुन्हा आहे, तिथे संमती चालत नाही. लग्नाला मुलगी 18 आणि मुलगा 21 वर्षांचा हवा. जात-धर्म वेगळा असला तरी 1954 च्या विशेष विवाह कायद्याने, तीस दिवसांची नोटीस देऊन, नोंदणी पद्धतीने लग्न करता येते. सज्ञान जोडप्याच्या जीवाला धोका असेल तर पोलिसांनी संरक्षण द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये बजावले आहे.

लेकराने शिकावे ही आपली आशा रास्त आहे. पण धाकाने त्याचे मन अभ्यासात लागत नाही, ते फक्त लपायला शिकते. लातूरहून आज फोन आला तर आधी मार्क विचारू नका. 'बाळा, जेवलास का? बरा आहेस ना?' एवढेच विचारा. पुढचे ते हळूहळू आपणच सांगेल.