जुनी फायबर होडी : रंगाआधी ओल पाहा

कपड्याच्या गादीवर उमर घालवलेला माणूस होडीवर लिहितो, याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण फायबरची होडी मुळात कापडच आहे. काचेचे धागे ताणा-बाणा घालून विणले की रोव्हिंग, तुकडे करून नमद्यासारखे बसवले की मॅट. प्रतही आमच्या मालासारखी चौरस मीटरच्या वजनावर ठरते : ३०० ग्रॅम, ४५० ग्रॅम. हे कापड रेझिनमध्ये भिजून घट्ट झाले की होडी.

रत्नागिरीकडच्या आमच्या नात्यातील एका नाखव्याने जुनी होडी नवी करण्यासाठी माझ्याकडून रक्कम उचलली. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, म्हणून काम भर पावसात उरकले. होडी आरशासारखी झाली. दिवाळीपर्यंत रंगाचे पापुद्रे सुटले. खाली फोड, आणि फोडात आंबट वासाचे पाणी! दोष रंगाला दिला गेला, पण खरी कसर ओलीची होती. आत कोंडलेल्या ओलीवर महाग रंग चढवला, इतकेच.

म्हणून हे काम एप्रिल-मेमध्ये करावे, नाहीतर पक्क्या छपराखाली. होडी गोड्या पाण्याने धुवून मीठ काढावे, फोड उघडून वाळू द्यावेत. मग प्लास्टिकचा चौकोन चारी बाजूंनी चिकटपट्टीने लावून रात्रभर ठेवावा. सकाळी आत दव दिसले तर थांबावे. नाण्याने ठोकूनही पाहावे. आवाज खणखणीत नसून बद्द आला तर तेथे थर सुटले आहेत.

घासण्याआधी ॲसिटोनने पुसावे, नाहीतर जुने मेण ओरखड्यांत भरते आणि वर काही धरत नाही. सुटलेला भाग कापून कडा उतरत्या घासाव्यात. १ मिलिमीटर जाडीला १२ मिलिमीटर उतार. काचेची धूळ छातीत जाते, तोंडाला मास्क हवाच. जुन्या थरावर इपॉक्सी अधिक धरते. पॉलिएस्टर स्वस्त पडते, पण इपॉक्सीवर पॉलिएस्टर नीट सुकत नाही, हे ध्यानी ठेवून आधीच एक काय ते ठरवावे.

पॉलिएस्टरच्या १ किलोला हार्डनर १० ते २० ग्रॅम. घाई म्हणून जास्त ओतू नये, डबा तापतो. आणि सर्वांत मोठी खबरदारी : कोबाल्ट व हार्डनर कधीही थेट एकमेकांत मिसळू नयेत, स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळावा, हार्डनर नंतर. दोन्ही बाटल्या दुकानातही वेगळ्या फळीवर ठेवाव्यात.

यानंतर इपॉक्सी प्रायमर. वरच्या अंगाला दोन डब्यांचा पॉलियुरेथेन रंग छान बसतो, पण सतत पाण्यात राहणाऱ्या भागाला तो लावू नये, फोड येतात. तेथे शिंपले धरू न देणारा खास रंगच घ्यावा.

आमच्या नाखव्याने पुढल्या वर्षी मे महिन्यात सारे खरवडून पुन्हा केले. माझी रक्कम त्यामुळे एक हंगाम उशिरा आली.